किशोरवयीन मुलांपर्यंत नाताळचा धार्मिक अर्थ कसा पोहोचवावा?

दहिसरची आई
16 नोव्हेंबर 2025

आमचे कुटुंब मूळचे वसईचे असून गेली अठरा वर्षे आम्ही दहिसरला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि अकरावीत शिकतो. मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत आहे. दोघांचे बाप्तिस्मा व प्रथम ख्रिस्तशरीर (उपासनेतील पवित्र भाकर प्रथमच घेणे) हे संस्कार वेळेवर झाले, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गालाही दोघे नियमितपणे जात असत. ‘जात असत’ असे लिहावे लागते, कारण मुलाचे दहावीचे वर्ष सुरू झाले तेव्हा क्लासवाल्यांनी रविवारची सकाळ मागून घेतली आणि ती आम्हांला आजतागायत परत मिळालेली नाही.

मागच्या नाताळात रात्रीच्या मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) मुलगा आमच्याबरोबर आला खरा, परंतु प्रवचन सुरू होताच तो मित्रांसह फाटकाजवळ जाऊन उभा राहिला, ख्रिस्तशरीर घेण्यापुरता आत आला आणि शेवटचा आशीर्वाद होण्यापूर्वीच कुणाच्या तरी गच्चीवरच्या पार्टीला निघून गेला. आठव्या वर्षापासून जो गोठा तो स्वतः मांडत असे, पेंढा आणण्यासाठी माझ्यामागे लागत असे, तो गोठा ‘यंदा तूच मांड’ असे म्हणून त्याने माझ्यावर सोडला. मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिने इंटरनेटवर कुठेतरी वाचले की, 25 डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस नाहीच, आणि जेवताना सर्वांसमोर तसे विचारले. मी घाईघाईने ‘असे काही विचारू नये’ असे उत्तर दिले. त्यानंतर तिने मला देवाधर्माविषयी काहीही विचारलेले नाही, आणि याची रुखरुख मला मुलाच्या फाटकाजवळ उभे राहण्यापेक्षा अधिक लागून राहिली आहे.

आणखी एक बाब आहे, जी कदाचित मुंबईतच इतकी जाणवत असेल. आमच्या सोसायटीत नव्वद घरे आहेत, त्यांत ख्रिस्ती घरे आम्ही धरून चार. तरीही 20 डिसेंबरच्या सुमारास खाली झाड उभे राहते, वॉचमन सांताची टोपी घालून लहान मुलांना चॉकलेटे वाटतो, आणि समोरच्या काकू माझ्या आधी केक घेऊन दारात हजर असतात. या आपुलकीबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मात्र माझ्या मुलांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला आहे की, नाताळ सगळ्यांचाच आहे, तेव्हा त्यात आपले म्हणून निराळे काही नाही. शेजाऱ्यांकडे दिवाळीत लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी असते आणि गणपतीत उत्तरपूजा केव्हा होते, हे माझी मुलगी अचूक सांगते. आपल्या घरी नाताळला काय असते असे विचारले, तर ‘केक, झाड, नवे कपडे, मिस्सा’ अशा क्रमाने उत्तर येते.

दटावून मिस्सेला नेणे मला अजून जमते, परंतु त्यापुढचे जमत नाही. नाताळच्या तयारीचा आगमनकाळ 30 नोव्हेंबरला सुरू होत आहे, म्हणजे हाताशी दोन आठवडे आहेत. या वयाच्या मुलांबरोबर कुणी काही केले असेल आणि त्याचा उपयोग झाला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. उपयोग झाला नसेल, तर तेही लिहावे.


भायखळ्याचा शिक्षक
17 नोव्हेंबर 2025

ताई, नमस्कार. मी प्रोटेस्टंट मंडळीतला (चर्चमधला) असून भायखळ्याला शब्बाथ शाळेत (संडे स्कूलमध्ये) बारा ते सतरा वर्षांच्या मुलांचा वर्ग अकरा वर्षे घेत आहे. आपल्या उपासनेच्या पद्धतींत फरक असला, तरी ही अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

आपल्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिचे म्हणणे बरोबर आहे, असे तिला आजच सांगावे. येशूच्या जन्माची तारीख चारही शुभवर्तमानांत (बायबलमधील येशूच्या चरित्रांत) कुठेही दिलेली नाही. रोममध्ये 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म पाळला जात असल्याची जुनी नोंद 354 साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते आणि तिचा संदर्भ 336 सालापर्यंत मागे जातो. ही तारीख का निवडली गेली याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत: काहींच्या मते रोमन लोकांच्या सूर्याच्या सणाशी तिचा संबंध आहे, तर काहींच्या मते 25 मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून त्यापुढे नऊ महिने मोजले गेले. आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीला हा सण पाळते. रशियातील ऑर्थोडॉक्स मंडळी 7 जानेवारीला पाळते, कारण तिचे जुने ज्युलियन पंचांग सध्या 13 दिवस मागे आहे. फोर्टमध्ये आर्मेनियन लोकांनी बांधलेले जुने चर्च आहे. एकदा मुलांना त्याच्यासमोर उभे करून मी हे सांगितले, तेव्हा त्यांना ते वर्गापेक्षा अधिक लक्षात राहिले. शिवजयंती तारखेने करावी की तिथीने, यावर आपल्या महाराष्ट्रात किती वर्षे वाद झाला हे मुलांना माहीत असते. त्या वादामुळे महाराजांच्या जन्माविषयी कुणाच्या मनात शंका आली नाही. एवढे सांगितले की, मुले पुढच्या गोष्टीकडे वळतात.

पुढची गोष्ट अशी की, मुले ज्या कथेला कंटाळलेली असतात ती कथा त्यांनी बहुधा वाचलेलीच नसते. त्यांनी पाहिलेली असतात ती नाटुकली, ज्यांत त्यांनी स्वतः पाचव्या वर्षी मेंढराचे काम केलेले असते. म्हणून मी त्यांना कागदाचे दोन भाग करायला सांगतो. एका बाजूला मत्तयाचे पहिले दोन अध्याय वाचून त्यात जे आहे तेवढेच लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतले. मार्क आणि योहान यांच्याकडे जन्मकथा नाहीच, हे ऐकूनच अर्धा वर्ग जागा होतो. मग एकेक गोष्ट बाहेर येते. मेंढपाळ फक्त लूककडे आहेत आणि मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) लोक फक्त मत्तयाकडे. मागी तीन होते असे मत्तय म्हणत नाही, ते राजे होते असेही म्हणत नाही. देणग्या तीन आहेत, त्यावरून माणसे तीन झाली. ते येतात तेव्हा बाळ घरात आहे, गोठ्याचा उल्लेख तेथे नाही. उतारशाळेत जागा नव्हती एवढे लूक सांगतो, परंतु आमच्या नाटकात दर वर्षी ज्याला ओरडायला मिळते तो उतारशाळेचा मालक मूळ मजकुरात सापडत नाही. बैल आणि गाढवही नाहीत.

हा खेळ वाटतो आणि काही वेळ तो खेळच असतो. परंतु मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात सोळाव्या वचनापर्यंत आले की, वर्ग गप्प होतो. हेरोद राजा बेथलेहेमातील दोन वर्षांचे व त्याहून लहान मुलगे मारण्याचा हुकूम देतो, आणि ज्याच्या जन्माचे आपण गाणे गातो तो आईबापांबरोबर रात्रीच परदेशात पळून गेलेला असतो. एका मुलीने मला विचारले होते, ‘सर, हे कॅरलमध्ये का नसते?’ तिला द्यायला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, पण त्या दिवशी वर्ग ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास अधिक चालला.

मरियेविषयीही मुलांशी बोलावे. तिचे वय शुभवर्तमानांत नाही, तथापि त्या काळच्या यहुदी समाजात मुलींचे वाग्दान बारा ते चौदाव्या वर्षाच्या आसपास होत असे, त्यामुळे ती आपल्या मुलीच्याच वयाची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. निळ्या झग्यातील शांत मूर्तीपेक्षा ही मुलगी पुष्कळ वेगळी आहे. लूकच्या पहिल्या अध्यायातील तिचे स्तोत्र वाचून पाहावे. त्यात बलवानांना आसनांवरून खाली ओढण्याची आणि श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवण्याची भाषा आहे.


ओर्लेमचा तरुण
17 नोव्हेंबर 2025

काकू, मी आता वीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी मी त्या फाटकाजवळ उभ्या राहणाऱ्या मुलांपैकीच एक होतो, म्हणून लिहितो.

फाटकाजवळ उभे राहण्यामागे दरवेळी अश्रद्धा असतेच असे नाही. आत आम्हांला काही काम नसते आणि जे चालले आहे ते पुरते कळतही नसते. या न कळण्याविषयी मोठी माणसे फारसे बोलत नाहीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी बोलणे मराठी, आईची जपमाळ मराठीत आणि आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मराठी मिस्सा आठवड्यातून एकदाच. ‘देहधारण’ (देवाने माणूस होऊन जन्म घेणे), ‘तारण’, ‘कृपा’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द मी न अडखळता म्हणू शकत होतो, परंतु कुणी अर्थ विचारला असता तर माझी बोबडी वळली असती. इंग्रजी मिस्सेतले शब्द समजत, पण ती प्रार्थना माझ्या आईची नव्हती. दोन्हीकडे मी थोडासा पाहुणाच होतो. तुमच्या मुलालाही असेच होत असेल असे मी म्हणत नाही, पण एकदा त्याला ‘देहधारण म्हणजे काय?’ असे विचारून पाहा, आणि त्याला सांगता आले नाही तर रागावू नका.

माझ्या बाबतीत बदल झाला तो एका वाचनामुळे. आमच्या धर्मगुरूंनी मला नाताळच्या रात्रीच्या मिस्सेचे पहिले वाचन करायला सांगितले. ते बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातील आहे: अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला. मी घरी पाठ करू लागलो आणि पुढच्याच ओळींत अडलो, कारण तेथे मिद्यानाचा दिवस म्हणून काहीतरी आहे, आणि त्यानंतर सैनिकांचे जोडे व रक्तात भिजलेली वस्त्रे जाळली जातील असे आहे. इतकी वर्षे मी हे वाचन ऐकले होते आणि त्यातले रक्ताळलेले जोडे मला कधी ऐकूच आले नव्हते. फादरांकडे जाऊन विचारले, तेव्हा त्यांनी मिद्यानी फौजेला हरवणाऱ्या गिदोनाची गोष्ट सांगितली, अश्शूरच्या (ॲसिरियाच्या) फौजांची भीती काय होती ते सांगितले, आणि अशा भीतीच्या काळात ‘आम्हांला एक बाळ दिले आहे’ असे लिहिणारा माणूस किती धाडसी असला पाहिजे, याचा विचार करायला लावले. त्या रात्री दोनेक हजार माणसांसमोर उभे राहून वाचताना माझे पाय लटपटत होते. नंतर मी पार्टीलाही गेलो. तेव्हा पार्टी बंद करू नका, अशी माझी विनंती आहे; फक्त आशीर्वाद होईपर्यंत थांबायचे, एवढे आधीच ठरवून घ्या.

एक गोष्ट लिहू की नको असे वाटते, पण लिहितो. डिसेंबरमध्ये आमच्या घरी आईचे सगळे बोलणे पडदे, करंज्या, वांद्र्याच्या हिल रोडवरून आणायच्या माळा आणि मामाकडच्या जेवणाविषयी असे. ती थकून जाई. नाताळच्या आठवड्यात तिला शांतपणे प्रार्थना करत बसलेली मी पाहिल्याचे आठवत नाही. मुले कान देत नाहीत, पण नजर ठेवून असतात.


गिरगावची आजी
18 नोव्हेंबर 2025

मी सांगते आणि नात लिहून देते.

बाई, त्या सांताशी भांडत बसू नकोस, आणि शेजारीण तुझ्याआधी केक आणते म्हणून खंतावू नकोस. आमच्या लहानपणी वाडीत नाताळच्या दिवशी प्रत्येक घरी ताट जाई, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. ताट नेण्याचे काम मुलांचे. आई ताट हातात देण्यापूर्वी विचारी, ‘त्यांनी विचारले, आज काय आहे, तर काय सांगशील?’ आणि आमच्याकडून एक वाक्य म्हणून घेई. ते वाक्य दर वर्षी वेगळे असले पाहिजे, असा तिचा नियम होता. मागच्या वर्षीचे सांगितले की, ती ताट परत घेई. पहिले ताट कुठे जायचे तेही ठरलेले असे: त्या वर्षी ज्या घरात माणूस गेले असेल, तेथे. त्या घरी गोडधोड होत नसे ना. तेथे गेल्यावर काही बोलायचे नाही, थोडे बसायचे आणि यायचे.

आता नव्वद घरांना ताट पाठवणे तुला झेपणार नाही. चार घरांना पाठव, आणि मुलांनाच ने म्हणून सांग.


मुलुंडची धर्मशिक्षिका
19 नोव्हेंबर 2025

भायखळ्याच्या सरांचा कागदाचा प्रयोग मला आवडला आणि मी तो उचलणार आहे, परंतु त्यातील एका मुद्द्यावर मला थोडे भांडायचे आहे. बैल आणि गाढव शुभवर्तमानांत नाहीत हे खरे असले, तरी ते हवेतून आलेले नाहीत. यशयाच्या पहिल्याच अध्यायात, तिसऱ्या वचनात, बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते, परंतु माझे लोक मला ओळखत नाहीत, असा देवाचा खेद आला आहे. ज्यांनी ही जनावरे गोठ्यात आणून उभी केली त्यांना हे वचन पाठ होते. मुलांनी ती खोडून टाकली आणि तेथेच थांबली, तर हाती काहीच उरत नाही. खोडल्यावर ‘मग ही आली कोठून?’ असे विचारले, तर गोठ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जनावरांना जे कळले ते आपल्याला कळले का, असा तो प्रश्न आहे, आणि तो थेट फाटकाजवळ उभ्या असलेल्यांनाच विचारलेला नसून पहिल्या बाकावर बसलेल्या आम्हांलाही आहे.

गोठ्याची परंपरा संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यापासून सांगितली जाते. 1223 च्या नाताळात इटलीतील ग्रेचो या गावी त्यांनी खरी गव्हाणी, खरे गवत आणि खरे बैल-गाढव आणवून तेथे मिस्सा साजरा करवला. बाळाला कोणत्या अडचणीत ठेवावे लागले ते आपल्याला डोळ्यांनी पाहायचे आहे, असा त्यांचा आग्रह होता. आज आपण थर्माकोल, कापूस आणि लुकलुकणारे दिवे यांत ती अडचणच झाकून टाकतो. तुमचा मुलगा गोठा मांडायला नाही म्हणतो, यात कदाचित ‘हे लहान मुलांचे काम आहे’ एवढेच असेल. त्याला यंदा मोठ्या माणसाचा गोठा करायला सांगा: दहिसरमध्ये, आज, एखाद्या जोडप्याला जागा नाकारली गेली तर त्यांचे बाळ कोठे जन्मेल? आमच्या वर्गातील मुलांनी एका वर्षी तो उड्डाणपुलाखाली, निळ्या ताडपत्रीत केला होता. काही पालकांना तो आवडला नाही. मला आवडला.

आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचेही असेच आहे. चार रविवारांच्या चार मेणबत्त्या, त्यांतील तिसरी गुलाबी, हे मुले रटून सांगतात. पण मेणबत्त्यांचे हे चक्र प्रथम 1839 मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न या प्रोटेस्टंट पाळकाने गोरगरीब मुलांच्या एका आश्रमात लावले होते, कारण ती मुले ‘नाताळ कधी येणार?’ असे रोज विचारून त्याला भंडावून सोडत. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान तांबड्या मेणबत्त्या रोज एकेक पेटवत तो त्यांना वाट पाहायला शिकवी. तेव्हा सर, हे तुमच्याकडून आमच्याकडे आलेले आहे! वाट पाहणे ही गोष्ट आजच्या मुलांना मुळीच येत नाही, कारण मागवलेली वस्तू दहा मिनिटांत दारात येते. म्हणून रात्री जेवणापूर्वी फक्त पाच मिनिटे दिवा बंद करून एक मेणबत्ती, एवढेच करा. भाषण करू नका.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहिते. आपण सगळा जोर 25 तारखेपर्यंत लावतो, आणि 26 ला दमून झोपतो. वास्तविक नाताळकाळ नाताळच्या आदल्या रात्री सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. 26 ला पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन, 28 ला हेरोदाने मारलेली निरपराध बालके: सणानंतर तिसऱ्या दिवशीच मंडळी आपल्याला रडायला बसवते. त्या दिवसांत दुकानांचा जोर 31 डिसेंबरकडे वळलेला असतो, शाळेला सुट्टी असते, नातेवाईक येऊन गेलेले असतात, आणि मुलांना करायला काही नसते. किशोरवयीन मुलांशी बोलायला याहून चांगले दिवस वर्षात मिळत नाहीत. यंदा 28 तारीख रविवारी येत असल्यामुळे त्या दिवशी पवित्र कुटुंबाचा सण आहे, आणि शुभवर्तमान आहे मिसर देशात पळून जाण्याचे. मजेची गोष्ट म्हणजे त्या वाचनात तेरा ते पंधरा ही वचने आहेत आणि पुढे एकदम एकोणिसावे. सरांचा वर्ग ज्या वचनावर गप्प झाला, ते मधले सोळावे वगळलेले आहे. मुलांना आधी सांगू नका. मिस्सा झाल्यावर पुस्तक हातात देऊन विचारा, काय गाळले?

मरियेचा पती योसेफ याचेही मुलांना सांगा. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. तो ऐकतो, उठतो आणि निघतो. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, 21 डिसेंबरला, त्याच्याच स्वप्नाचे वाचन आहे. सोळा वर्षांची मुलेही हल्ली फारशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे त्याच्याशी जमते असा माझा अनुभव आहे.


भांडुपचा बाप
19 नोव्हेंबर 2025

आपण उपयोग न झालेलेही मागितले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्या मोठ्या मुलीला मी कधीही आग्रह केला नाही. मला स्वतःला लहानपणी छडीच्या धाकाने प्रार्थनेला बसवले होते, तेव्हा मुलांना मोकळीक द्यावी, मोठी झाल्यावर त्यांना वाटेल तेव्हा ती येतील, असे माझे मत होते. आज ती चोवीस वर्षांची आहे. एकदा ती मला म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही गणिताच्या क्लासबद्दल मला कधी मोकळीक दिली नाही, म्हणून मला वाटले की गणित महत्त्वाचे आहे.’

धाकट्याच्या बाबतीत आम्ही एवढेच ठरवले आहे की, नाताळच्या मिस्सेला घर एकत्र जाते, त्यात चर्चा नाही. परंतु तेथे त्याला काय वाटले, हे आम्ही विचारत नाही. रविवारच्या क्लासला आम्ही डिसेंबरचे चार रविवार सुट्टी मागितली. क्लासवाले थोडे कुरकुरले, पण दिली. मागून तर पाहावे.


भायखळ्याचा शिक्षक
20 नोव्हेंबर 2025

मुलुंडच्या बाईंचा बैलाविषयीचा आक्षेप मान्य आहे, आणि विखर्नचे श्रेय दिल्याबद्दल आभार. यंदा वर्गात खोडलेल्या गोष्टींसाठी तिसरा रकाना करीन: ‘मग हे आले कोठून?’

ओर्लेमच्या तरुणाने भाषेचा जो मुद्दा मांडला आहे, त्यावर एक भर घालतो. आमच्या मुलांचाही असा समज असतो की, ख्रिस्ती धर्म इंग्रजीत आहे आणि मराठीत त्याचे भाषांतर होते. त्यांना मी सांगतो की, फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज असलेला माणूस गोव्यात मराठी शिकला आणि त्याने येशूचे चरित्र ओव्यांत रचले. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीपासून ही कथा ओवीत आहे. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची भजने आमच्या मंडळीत आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. मुलगा अकरावीत आहे, ओवीची चाल त्याला शाळेतून माहीत असेल. एखादी संध्याकाळ त्यासाठी काढावी. कंटाळला तर सोडून द्यावे.


दहिसरची आई
7 डिसेंबर 2025

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण थोडे करून पाहून मगच लिहावे असे ठरवले होते.

मुलीला मी सांगितले की तिचे बरोबर होते आणि माझे उत्तर चुकले होते. शिवजयंतीचे उदाहरण मी वापरले, तर ती म्हणाली, ‘हो, पण तिथे निदान साल माहीत आहे.’ मग आम्ही दोघींनी हेरोद केव्हा वारला ते शोधले. बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी 4 हे साल देतात, म्हणजे येशूचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ काळात झाला असावा, या गोष्टीचे तिला इतके हसू आले की तिने ती वर्गात सांगितली. आता प्रश्न रोज येतात, आणि त्यांपैकी निम्म्यांची उत्तरे मला येत नाहीत.

मुलाचे सोपे नाही. क्लासवाल्यांनी चारपैकी दोनच रविवार दिले. ‘देहधारण म्हणजे काय?’ असे मी विचारले, तेव्हा त्याने खांदे उडवले; मी स्वतः सांगू लागले आणि तिसऱ्या वाक्यातच अडखळले, त्यावर तो प्रथमच हसला. मेणबत्तीच्या पाच मिनिटांना तो बसतो, मोबाइल उलटा ठेवून. पहिले काही दिवस तो काहीही बोलला नाही. काल मेणबत्ती विझवल्यावर त्याने विचारले की, देवदूताने पळून जायला फक्त योसेफालाच का सांगितले, बाकीच्या मुलांच्या बापांना का नाही. सासूबाई म्हणाल्या, असे विचारू नये. माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले की मला माहीत नाही, फादरांना विचारू या. तो म्हणाला, मीच विचारीन. विचारील की नाही, सांगता येत नाही.

गोठ्याविषयी त्याने अजून होकार दिलेला नाही. उड्डाणपुलाखालचा गोठा ऐकून ‘तसे करता येईल का?’ एवढे म्हणाला, आणि मी लगेच उत्साह दाखवल्यामुळे गप्प झाला. माळ्यावरचा खोका मात्र त्याने आपण होऊन काढून दिला. त्यातील एका मेंढराचा पाय तुटला आहे, तो चिकटवायला फेव्हिकॉल आणायचा आहे. आजींना सांगावयाचे म्हणजे चार ताटांची घरे आम्ही ठरवली आहेत. पहिले चौथ्या मजल्यावर जाईल, तेथील आजोबा ऑगस्टमध्ये गेले. ताट कोण नेणार यावर दोघांची सध्या भांडणे चालू आहेत.